पित्ताची वही

रात्री साडेदहाला शटर अर्धं खाली ओढलं की कोणीतरी वाकून आत बघतंच. "ताई, एक इनो द्या." कधी "डायजीनची गोळी आहे का?" आणि कधी काहीच नाव नाही, नुसता छातीवरून हात फिरवत, "काहीतरी द्या हो, फार जळतंय."

लालबागला आमचं मेडिकल आहे, दहा बाय बाराचं. डी. फार्म. करून २००१ साली मी या काउंटरमागे उभी राहिले, ती आजपर्यंत. खोकल्याचं औषध पावसात खपतं, ओआरएसची पाकिटं उन्हाळ्यात. पित्ताचं औषध मात्र बारा महिने तेरा काळ जातं. आणि घेणाऱ्यांतले दहापैकी आठजण पैसे काढता काढता एकच वाक्य बोलतात, "तिखट झालं बहुतेक."

मीही तेच समजत होते. लालबागमध्ये राहून तसं वाटणं साहजिक आहे. एप्रिल-मे महिन्यात मिरची गल्लीकडून वारा आला की दुकानात बसल्या जागी शिंका येतात. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, सगळ्यांची पोती उघडी असतात, बायका वर्षाचा मसाला करून घ्यायला कल्याण-विरारपासून येतात. आमच्या घरात तर मालवणी मसाल्याशिवाय पान हलत नाही. त्यामुळे २०२२च्या दिवाळीनंतर मला स्वतःला त्रास सुरू झाला तेव्हा सर्वांत आधी मी मसाल्याचा डबा मागे सारला. महिनाभर फिकं जेवले. फरक शून्य.

त्रास असा होता. रात्री दीड-दोनच्या सुमारास घशाशी आंबट पाणी यायचं आणि ठसका लागून जाग यायची. छातीच्या मधल्या हाडामागे निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. उठून बसलं की दहा मिनिटांत थोडं कमी, आडवं झालं की पुन्हा. सकाळी आवाज बसलेला. दिवसभर कोरडा खोकला. तो खोकला मी धुळीवर ढकलला आणि दोन महिने कफ सिरप घेत राहिले. पित्त घशापर्यंत चढून खोकला येतो हे मी अभ्यासात वाचलेलं होतं, पण स्वतःच्या बाबतीत ते सुचलंच नाही.

मग मी केलं ते चुकीचं होतं आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे. गिऱ्हाइकाकडे डॉक्टरची चिठ्ठी मागणारी मी, स्वतःच्याच फळीवरून पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाची पट्टी काढून पाच महिने रोज गोळी घेत राहिले. तीही चहा-नाश्ता झाल्यावर, आठवण येईल तेव्हा. मध्येच बंद केली की जळजळ दुपटीने उसळायची, म्हणून पुन्हा सुरू. या गोळ्या बरेच महिने घेऊन एकदम थांबवल्या की पोट काही दिवस आम्ल जास्तच बनवतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि रात्री दोन वाजता ते लक्षात येणं, यात फार अंतर असतं.

शेवटी परळच्या एका पोटविकारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "काय खाता?" मी म्हटलं, "घरचंच. साधं." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "साधं म्हणजे काय, ते लिहून आणा. तीन आठवडे. वेळेसकट."

एका औषध कंपनीची निळी डायरी घरात पडून होती. तिच्यात मी चार रकाने पाडले: किती वाजता, काय, किती, आणि नंतर काय झालं. सासूबाई बघत होत्या. त्यांना वाटलं उधारीचा हिशेब मांडते आहे.

एकवीस दिवसांच्या नोंदी माझ्याकडे अजून आहेत. एकवीसपैकी अकरा रात्री जळजळ. त्या अकरांपैकी नऊ रात्री जेवण रात्री पावणेअकरानंतर झालेलं. दुकान साडेदहाला बंद, घरी पोचून हातपाय धुवून ताटावर बसायला पावणेअकरा-अकरा, आणि साडेअकराला अंथरुणावर. दिवसभर उभं राहिल्यावर भूक मजबूत लागलेली, त्यामुळे दिवसातलं सर्वांत मोठं जेवण तेच. आणि जी गोष्ट बघून मी डायरी हातात धरून तशीच बसले ती ही: दुसऱ्या रविवारी दुपारी एक वाजता मी बांगड्याचं तिखलं आणि भात चांगला दोनदा वाढून घेऊन खाल्ला होता. त्यापुढच्या रकान्यात लिहिलेलं होतं, "काही नाही." त्याच आठवड्यात बुधवारी रात्री अकराला पुलाव आणि टोमॅटोचं सार, ज्यात मिरचीचा एक तुकडासुद्धा नव्हता. पुढे लिहिलेलं, "दोन वाजता उठले. चार वाजेपर्यंत बसून."

सासूबाई कणकवलीकडच्या. त्यांनी डॉक्टरांच्या आधीच सांगितलं होतं, "रातीचा अकराक जेवतस आणि लगेच आडवी पडतस. मग काय होतला?"

डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. शिकलेलं सगळं होतं, पण स्वतःच्या पोटाचं म्हणून पहिल्यांदा बघितलं. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांबीची. ती जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास गिळला की ते उघडतं, घास गेला की मिटतं. जठरातलं आम्ल फार जहाल, त्याचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो (हा आकडा जितका लहान तितकं आम्ल जहाल). जठराला आतून चिकट स्रावाचं जाड अस्तर आहे, म्हणून ते आम्ल त्याला सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. कडं सैल पडलं किंवा पोट तुडुंब भरून खालून दाब आला की आम्ल वर चढतं आणि जिथे लागतं तिथे भाजतं. आपण उभे असतो तेव्हा ते आपोआप खाली उतरतं, आणि गिळलेली लाळ उरलेलं धुऊन नेते. झोपेत लाळ कमी सुटते, आपण गिळतही कमी, आणि शरीर आडवं. म्हणजे वर आलेलं आम्ल तिथेच साचून राहतं. साधं जेवण जठरातून पुढे सरकायलाही दोन ते चार तास लागतात, तेलातुपाचं असेल तर आणखी. मी त्याला पाऊण तास देत होते.

हे कळल्यावर पदार्थांकडे बघायची माझी नजर बदलली. आधी मी सरळ दोन खाने करायचे, चांगले पदार्थ आणि वाईट पदार्थ. आता विचारते की हा पदार्थ नेमकं काय करतो? कडं सैल करतो, पोट फुगवतो, पोटात जास्त वेळ रेंगाळतो, की आधीच सोललेल्या जागेला झोंबतो?

चहाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या वहीत उशिराच्या जेवणाखालोखाल चहाच होता. सकाळी सहाला उठल्या उठल्या एक कप. दुकान उघडल्यावर साडेआठला शेजारच्या टपरीवरून कटिंग. अकराला कटिंग. दुपारी चारला घरचा. सहाला औषध कंपनीचा कोणी एमआर आला की त्याच्याबरोबर. साडेआठला भूक मारायला अजून एक. सहा वेळा चहा, आणि त्यातले चार वेळा पोटात दुसरं काहीही नसताना! रिकाम्या पोटी चहा गेला की अर्ध्या तासात मळमळ आणि करपट ढेकर, हे वहीत इतक्या वेळा आलं आहे की शेवटी मी नुसतं "तेच" असं लिहायला लागले. चहा-कॉफीतलं कॅफीन आम्ल वाढवतं आणि ते कडंही थोडं सैल करतं. मुंबईत भूक लागली की चहा, कंटाळा आला की चहा, गाडी चुकली की चहा. भुकेला उत्तर म्हणून चहा पिणं हे आपल्या शहराचं सर्वांत मोठं पित्त आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी तो सोडला नाही. सकाळी आधी अर्धी भाकरी किंवा एखादी पोळी, आणि त्यानंतर चहा. दुपारी चारला दुसरा, तोही दोन बिस्किटांबरोबर नाही तर मूठभर चुरमुऱ्यांबरोबर. बाकीचे चार बंद केले. पहिले चार दिवस डोकं ठणकत होतं, ते कॅफीन कमी झाल्याचं. पाचव्या दिवशी थांबलं. कोणी हे करणार असेल तर एकदम न तोडता आठवड्याला एक कप कमी करावा, डोकेदुखी टळते.

पुदिन्याचं मला मनापासून वाईट वाटलं. रात्री जेवल्यावर पुदिन्याची गोळी चघळायची माझी जुनी सवय, "पोट हलकं होतं" म्हणून. पोट गच्च झालं असेल, वात धरला असेल, तर पुदिन्याने बरं वाटतंही. पण पुदिना स्नायू सैल करतो, आणि त्यात ते कडंही आलं. छातीत जळजळ असणाऱ्याने रात्री पुदिना खाणं म्हणजे दार उघडं ठेवून झोपणं. काउंटरवर रोज कोणीतरी "थंड वाटेल" म्हणून पुदिन्याचं काहीतरी मागतं. आता मी आधी विचारते, "फुगलंय की जळतंय?" हे दोन त्रास वेगळे आहेत आणि त्यांचं औषधही वेगळं. चॉकलेटचंही पुदिन्यासारखंच, पण ते माझ्या खाण्यात फारसं नाही, माझ्या भाचीच्या आहे.

दुधाबद्दल वाद होतात. थंडगार दूध प्यायलं की जळजळ लगेच शमते, हे खरं आहे. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल बनवायला लावतात, आणि म्हशीच्या दुधाची साय वेगळीच. मी रात्री अकराला पेलाभर दूध प्यायचे आणि दीडला उठायचे. माझ्या वहीत सहा वेळा दूध आहे आणि त्यातल्या पाच वेळा रात्र वाईट गेली आहे.

टोमॅटो आणि लिंबू या दोघांना मात्र मी नीट समजून घेतलं. टोमॅटोचा पीएच सव्वाचार ते पाचच्या आसपास, म्हणजे जठरातल्या आम्लापेक्षा कितीतरी सौम्य. मग तो त्रास का देतो? कारण अन्ननलिकेचा आतला भाग आधीच भाजलेला असेल तर जाता जाता तो झोंबतो. निरोगी माणसाला टोमॅटोच्या साराने काही होऊ नये. मला तेव्हा व्हायचं. बरी झाल्यावर दुपारच्या जेवणात थोडं सार चालायला लागलं, रात्री अजूनही नाही. पावभाजीत टोमॅटो, लोणी, कच्चा कांदा आणि लिंबू असे चौघे एकाच ताटात भेटतात, आणि आपण ती खातो रात्री दहाला, चौपाटीवर, उभ्याने, घाईघाईत. ज्याला त्रास आहे त्याने तिला दुपारची वेळ द्यावी आणि लोण्याला हात आखडता घ्यावा. कच्च्या कांद्याचंही तसंच. मिसळीवरचा कांदा मी काढून ठेवते, मिसळ खाते.

आता तिखटाकडे येते, कारण त्याच्यावरचा आळ मला दूर करायचा आहे, निदान अर्धा तरी. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या नसांमधल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला जाऊन चिकटतं. खरोखर काही भाजत नसतं, पण मेंदूला "भाजलं" असा निरोप जातो. त्या ग्राहीचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं, ते आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर. अन्ननलिका सोललेली असेल तर मिरची तिथे जास्त बोंबलते, म्हणून ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी काही आठवडे हात आवरावा, हे बरोबरच. पण मूळ दुखणं तिखटाने लावलं, असं दरवेळी नसतं.

पूर्वी तर जठराच्या अल्सरचा दोषही तिखट आणि टेन्शन यांच्याच माथी मारला जायचा. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतः त्या जंतूंचं मिश्रण प्यायले आणि आजारी पडले. २००५ साली त्या दोघांना नोबेल जाहीर झालं ती बातमी मी याच काउंटरवर पेपरात वाचली होती. माझ्या डॉक्टरांनी त्या जंतूची तपासणी करून घेतली. माझ्यात तो निघाला नाही. पण निघाला असता तर फिकं जेवून काहीच साधलं नसतं, प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला असता. वरच्या पोटात सतत दुखणाऱ्या माणसाने वर्षभर इनोवर काढू नये, ते यासाठी.

वहीतली शेवटची सापडलेली गोष्ट खाण्याची नव्हतीच. उभं राहून गुडघे दुखायचे म्हणून आठवड्यातून तीनचारदा मी आयब्युप्रोफेन घेत होते, कधी नुसत्या चहाबरोबर. या वेदनाशामक गोळ्या जठराच्या त्या संरक्षक अस्तरालाच दुबळं करतात. गुडघ्यांसाठी आता मी व्यायाम करते आणि काउंटरमागे उंच स्टूल ठेवलं आहे.

दुकानातून सणांचं पित्तही दिसतं. संकष्टीचा दुसरा दिवस बघा. दिवसभर उपास. दुपारी साबुदाण्याची खिचडी, ज्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा. चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला. मग आरती, नैवेद्य, आणि दिवसभराची भूक एका ताटावर. वरण-भात, तूप, मोदक, आणि लगेच झोप, कारण सकाळची सहा पन्नासची गाडी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून आमच्याकडे बायकांची रीघ. उपास सोडा असं मी कधीही कोणाला सांगणार नाही. सासूबाईंनी चाळीस वर्षं संकष्टी केली आहे. आम्ही घरात एवढंच बदललं: दुपारी खिचडीऐवजी वरीचा भात आणि ताक, चारला एक केळं, आणि चंद्रोदयानंतर एक मोदक आणि थोडासा वरण-भात. बाकीचे मोदक दुसऱ्या दिवशी दुपारी. गणपती रागावला नाही, असं त्या म्हणतात.

गणपतीचे दहा दिवस तर आमचं दुकान रात्रभर जागं असतं. लालबागचा राजा १९३४पासून बसतो आहे आणि रांग दरवर्षी लांबतेच आहे. दहा-बारा तास रांगेत उभी असलेली पोरं वडापाव आणि चहावर रात्र काढतात. पाणी मुद्दाम कमी पितात, रांग सोडून जाता येत नाही म्हणून. पहाटे येतात तेव्हा चेहरे पिवळे पडलेले. त्यांना मी औषधाआधी केळं आणि घोटघोट पाणी देते. पुढच्या वर्षी येताना पिशवीत लाह्या, केळी, दशम्या ठेवा म्हणून सांगते. तळलेला वडा पोटात तासन्‌तास बसतो, त्यावर सोड्याची बाटली म्हणजे फुगलेल्या पोटाला अजून हवा. ढेकर येतो, बरं वाटतं, आणि त्या ढेकराबरोबरच आम्ल वर येतं.

आषाढी अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यात. दारू कडं सैल करते आणि जठराचं अस्तरही चाळवते. पण सकाळी डोकं दुखतं म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी मागायला येतात, ते जास्त धोक्याचं. मी ती देत नाही. भांडण झालं तरी चालेल.

औषधांचं एवढं सांगते. इनोसारख्या पावडरीत सोडियम बायकार्बोनेट असतं, ते आम्ल तिथल्या तिथे मारतं, पण त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा निव्वळ सोडियम असतो. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णाने ती रोज घेऊ नये. पातळ अँटासिड घेतलं तर लोहाच्या, थायरॉइडच्या आणि काही प्रतिजैविकांच्या गोळ्या तीनचार तासांच्या अंतराने घ्याव्यात, नाही तर त्या अंगी लागत नाहीत. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायच्या, तरच त्यांचा उपयोग. कुटून नाही, चावून नाही. आणि वर्षानुवर्षं घ्यायच्या असतील तर डॉक्टरांच्या नजरेखाली, कारण त्यांनी बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. काहीजण अजून रॅनिटिडीन हे पित्ताचं जुनं औषध मागतात. एनडीएमए या कर्करोगाचा धोका असलेल्या अशुद्धीमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२०मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं, आणि सप्टेंबर २०२२मध्ये आपल्याकडच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळलं गेलं. काळ बदलतो, औषधं बदलतात. वीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी घेऊन येऊ नका.

आणि हे वाचून झाल्यावर बाकी सगळं विसरलात तरी पुढचं विसरू नका.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या चाळीतले एक काका सकाळी नऊला आले. इनो घेऊन गेले. अकराला पुन्हा आले. साडेबाराला तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. कपाळावर घाम, फेब्रुवारीची हवा आणि पंखा चालू. "काका, जळतंय की दाबल्यासारखं होतंय?" ते म्हणाले, "जळतंयच गं, पण जबडा जड झालाय." मी पाकीट परत ठेवलं. माझ्या नवऱ्याला फोन केला, शेजारच्या सोनाराकडून काकांचा मुलगा बोलावला, काकांना टॅक्सीत घालून केईएम हॉस्पिटलला पाठवलं. हार्ट अटॅक होता. वेळेत पोचले म्हणून वाचले. आता रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर बसतात.

हृदयाचं दुखणं पित्ताच्या वेषात येतं, बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर फारच. छातीत दडपण, घाम, धाप, दुखणं जबड्याकडे, खांद्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकणं, जिना चढताना वाढणं, यांतलं काहीही असेल तर मेडिकलमध्ये येऊ नका, हॉस्पिटलात जा. तसंच घास अडकणं, आपोआप वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ. यावर घरगुती उपाय करत बसू नये, माझेही नाहीत.

माझं सध्याचं असं चालू आहे. नवरा साडेसातला कामावरून सुटतो आणि थेट दुकानात येतो. आठ वाजता सासूबाईंचा डबा येतो. मी मागच्या फळीआड स्टुलावर बसून वीस मिनिटं जेवते: भाकरी, दुधी किंवा पडवळाची भाजी, वाटीभर आमटी. पहिला महिना कठीण गेला. गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच येतं आणि "ताईच पाहिजेत" म्हणतं. आता लोकांना ठाऊक झालं आहे, आठ ते आठ वीस ताई जेवतात. दुकान बंद करून घरी गेल्यावर भूक लागलीच तर अर्धं केळं. उन्हाळ्यात दुपारी पातळ कोकम, साखर कमी, जिरं घालून. कोकम आंबट असूनही माझ्या वहीत एकदाही त्याच्यासमोर जळजळ लिहिलेली नाही. तुमच्या वहीत कदाचित असेल. तुमचं तुम्ही लिहून बघा.

झोपेचा प्रश्न अवघड होता. डॉक्टर म्हणाल्या, पलंगाची डोक्याकडची बाजू सहा-आठ इंच वर घ्या, पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली विटा ठेवा. आमच्या खोलीत पलंगच नाही, आम्ही गाद्या घालून खाली झोपतो. जादा उशा घेऊन बघितल्या, त्याने नुसती मान वाकते आणि पोट दुमडून दाब उलट वाढतो. शेवटी सासूबाईंनी तीन जुन्या गोधड्या काढल्या. एक कमरेपासून, तिच्यावर दुसरी पाठीपासून, तिसरी खांद्यापासून, अशा पायरीपायरीने गादीखाली घातल्या आणि उतार तयार केला. त्यावर मी डाव्या कुशीवर झोपते, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं.

औषध डॉक्टरांनी हळूहळू कमी करत सात महिन्यांनी बंद केलं. वही मात्र मी अजून लिहिते, रोज नाही, काही झालं तरच. गेल्या महिन्याच्या पानावर एकच नोंद आहे, भाचीच्या लग्नातली. रात्री साडेअकराला जिलेबी-मठ्ठा, भजी, आणि वर कॉफी. त्यापुढे लिहिलं आहे, "पहाटे तीन. माहीत होतं."

डबा येण्याची वेळ झाली, शटरपाशी काका दिसताहेत. त्यांच्या हातात आज कटिंग आहे, आणि सोबत खायला काही नाही. आधी त्यांना बिस्किटं देऊन येते.